थडग्याला मागचं दार

रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मिलिमीटरच्या लक्षात आलं, की बागेच्या जागी थडगं उभं आहे आणि थडग्याच्या जागी बाग.

ती प्रेक्षागृहात सहाव्या रांगेत उभी होती. हातात नकाशा, कानामागे पेन्सिल. तिने नकाशाकडे पाहिलं, रंगमंचाकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं. मग नकाशा उलटा धरून पाहिला, कारण माणूस घाबरला की असलं काहीतरी करतोच. उपयोग शून्य. समोर सगळं कसं भक्कम, सुबक आणि आरशात पाहावं तसं उभं होतं. प्रयोग साडेचारला होता.

मिलिमीटर हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या नाटकमंडळीत आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने मामाला विचारलं, "ही पायरी बरोब्बर अठरा सेंटीमीटर आहे, की दोन मिलिमीटर जास्त?" झालं, नाव चिकटलं. मामा हा तिचा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ, मंडळीचा सुतार. पण मंडळीत झाडूवाल्यापासून नायिकेपर्यंत सगळेच त्याला मामा म्हणत, त्यामुळे सख्खेपणाचा तिला काडीचाही फायदा नव्हता.

प्रयोगशाळेतली चालून आलेली नोकरी सोडून ती इथे आली होती. "आई, इथेही प्रयोगच असतात," असं तिने घरी सांगून पाहिलं. आईला विनोद कळला, पण पटला नाही. "तिथला फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतो," आई म्हणाली.

दिग्दर्शक बाईंनी तर पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं, "या नाटकाचं नेपथ्य तुझ्या नकाशावर उभं राहील. पहिल्या प्रयोगाचा पडदा पडला की सांगीन, राहायचं की जायचं. तोवर तू पाहुणी."

नाटक होतं चारशे वर्षांपूर्वीचं, परमुलखातलं, बाईंनी स्वतः मराठीत आणलेलं. एक राजा असतो, त्याची एक मुलगी असते. मुलगी राजाला न विचारता लग्न करते. राजा तिला घराण्याच्या थडग्यात जिवंत कोंडतो आणि पाचव्या अंकात पश्चात्ताप होऊन दार उघडतो, पण व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गोष्ट एवढीच. पण बाईंचा जीव गोष्टीपेक्षा जागांवर होता.

"नीट बघ," त्या पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या, "पहिला अंक बागेत, दुसरा दरबारात, तिसरा बुरुजावर, चौथा एका खोलीत आणि पाचवा थडग्यात. मुलीच्या पायाखालची जागा अंकागणिक आक्रसत जाते. तिचं काय होणार ते लेखक कुणाच्या तोंडून वदवत नाही, भिंतींकडून वदवतो. त्या काळच्या रंगमंचावर छताला चांदण्या रंगवायचे, तो स्वर्ग. फळ्यांच्या खाली नरक. नट बिचारा मधल्या मध्ये. कळलं?"

"म्हणजे जागा हेच एक पात्र," मिलिमीटर म्हणाली.

"पात्र नव्हे. जागा म्हणजे निकाल. उजवीकडे बाग, मध्ये बुरूज, डावीकडे थडगं. मुलगी उजवीकडून निघते आणि डावीकडे संपते. काढ नकाशा."

तिने काढला. आणि तिथेच घात झाला. कागदावर काहीही काढायचं तर आधी आपण कुठे उभे आहोत ते ठरवावं लागतं. मिलिमीटर प्रेक्षकांच्या बाजूला उभी राहिली, कारण बघणारा तिथेच बसतो. पण रंगमंचावर उजवी म्हणजे नेहमी नटाची उजवी, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. हे मंडळीत कुणी कुणाला सांगत नाही, जसं पाणी ओलं असतं हे कुणी सांगत नाही. तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये, जमिनीवर खडूच्या रेघा मारून चालायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्या रेघा पाहताना तिला आपली चूक उमगली. तिने गुपचूप घरी बसून सगळा नकाशा उलटवला, स्वच्छ नवी प्रत काढली आणि मामाच्या हातात दिली. का, ते सांगितलं नाही. लाज वाटली.

म्हणजे नकाशा आता बरोबर होता. मग रंगमंच चुकीचा कसा?

मामा बागेच्या कमानीखाली बसून हातोड्याची मूठ पुसत होता.

"मामा, बाग डावीकडे का आहे?"

"कुठे डावीकडे? उजवीकडेच तर–" मामाने प्रेक्षकांकडे तोंड केलं, उजवा हात पुढे केला आणि तो हात तसाच थडग्याकडे रोखून उभा राहिला. "आयला."

"मी दिलेल्या नकाशाप्रमाणेच केलंस ना?"

मामाने हातोडा खाली ठेवला. मग कान खाजवत म्हणाला, "तुझा पहिला नकाशा बघितला तेव्हाच कळलं होतं मला, पोरीने उजवी-डावीचा घोळ घातलाय. म्हटलं, नवीन आहे, चार माणसांत कशाला हसं करायचं. म्हणून मापं तुझी घेतली आणि बाजू बदलल्या."

"पण मी दुसरा दिला होता!"

"तो होय? मला वाटलं, पहिल्यावर चहा सांडला होता म्हणून दुसरा काढलास. मग त्याच्याच बाजू बदलल्या मी."

मिलिमीटर पायरीवर बसली. हिशोब सोपा होता. तिने एकदा उलटं केलं, ते स्वतःच पुन्हा उलटं करून सुलट केलं, आणि मामाने मायेपोटी ते तिसऱ्यांदा उलटं केलं. तीन ही विषम संख्या. मायेने चौथ्यांदाही उलटं केलं असतं तर चाललं असतं.

"फिरवता येईल?"

"बुरुजाचा जिना एका अंगाने ठोकलाय. कमान वरच्या तुळईला टांगलीय. थडगं जमिनीला बोल्टांनी आवळलंय. दीड दिवस दे, फिरवतो." मामाने आवाज खाली आणला. "हे बघ, बाईंना सांगू, म्हाताऱ्याची चूक झाली. मला काय करणार त्या? पस्तीस वर्षं झाली मला इथे."

मोह पडण्यासारखीच गोष्ट होती. मिलिमीटरला पडलाही, साधारण दहा सेकंद. मग ती उठली आणि बाईंकडे गेली, आणि तीन वेळा उलटं कसं झालं ते पहिल्यापासून सांगितलं.

बाईंनी डोळे मिटून ऐकून घेतलं. डोळे उघडले तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, आणि मंडळीतल्या जुन्या लोकांना हे लक्षण फार वाईट हे ठाऊक होतं.

"दोन महिने मी उजवी-उजवी म्हणतेय," त्या म्हणाल्या. "उजवं म्हणजे शुभ. प्रेक्षकाला बाग उजव्या हाताला दिसली पाहिजे, म्हणून."

"मग बाई, एक सांगू? नटाची उजवी ती प्रेक्षकांची डावी. ठरल्याप्रमाणे झालं असतं तर प्रेक्षकांना बाग डाव्या हाताला दिसली असती. आत्ता उजवीकडे दिसेल."

बाईंनी तिच्या हातातला नकाशा घेतला. त्या चालत सहाव्या रांगेत गेल्या, रंगमंचाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि लहान मुलासारखा आपला उजवा हात वर करून खात्री करून घेतली.

"सगळ्यांना बोलव," त्या म्हणाल्या. "सगळ्या हालचाली आरशात बघितल्यासारख्या करायच्या. आणि तू हे मला सांगितलंस म्हणून निकाल बदलला असं समजू नकोस."

नट मंडळी जमली आणि एकच गिल्ला झाला. सगळ्यांत मोठा आवाज महाराजांचा. तीस वर्षं राजांच्याच भूमिका केल्यामुळे त्यांना सगळे महाराज म्हणत आणि त्यांना ते रास्त वाटे. उंची सहा फूट, आवाज त्याहून मोठा, आणि पोटाला राजेशाही यावी म्हणून वरून कापसाची उशी बांधलेली.

"पोरी, डोक्याला सांगितलं की डोकं ऐकतं," ते मिलिमीटरला म्हणाले. "या पायांना कोण सांगणार? ते माझ्याआधी नाटकात आलेत."

"तुम्ही फक्त थडगं दिसलं की तिकडे जाऊ नका, महाराज," राजकन्येचं काम करणारी ताई म्हणाली. "या वयात तेवढं जमायला हवं."

"चारचौघांत वय काढू नकोस. नाटकात बाप आहे मी तुझा."

"म्हणून तर कोंडून घालताय."

घाईघाईने एक तालीम झाली. मिलिमीटर विंगेत वही घेऊन बसली. कुणाला वाटलं तिला वाईट वाटतंय म्हणून ती कोपऱ्यात बसलीय. प्रत्यक्षात ती मोजत होती. सगळ्या नटांचं मिळून सत्तेचाळीस वेळा आत-बाहेर होतं. चुकले सात वेळा, आणि त्यांतले पाच वेळा महाराज. त्या पाचही चुका एकाच जातीच्या होत्या. शांत असले की महाराज बरोबर जात. संवादात राग चढला की डोकं बाजूला पडे आणि पाय जुन्या वाटेला लागत.

आणि तिसऱ्या अंकात महाराजांचा सगळ्यांत मोठा राग होता. "माझ्या बागेत माझ्या हुकमाशिवाय फूलही उमलत नाही!" असं गरजून राजा तरातरा बागेत जातो आणि दोन मिनिटांनी बुरुजावर दिसतो. महाराज तिथे चुकले तर तरातरा थडग्यात जाणार. आणि थडगं म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेली लाकडी पेटी. पुढे दार, त्यात फक्त पाचव्या अंकात उघडायची जाळीची झडप, मागे काही नाही. म्हणजे बुरूज राजावाचून रिकामा, आणि राजा अंक संपेपर्यंत थडग्यात.

ती वही घेऊन बाईंकडे गेली. "थडग्याला मागून एक दार करू या."

"थडग्याला मागचं दार?" बाईंचा आवाज आता मात्र चढला. "अगं, जिथून परत येता येत नाही म्हणून तर ते थडगं! सगळं नाटक त्या पेटीकडे सरकतंय."

"प्रेक्षकांना दिसणारच नाही, बाई."

"नटाला माहीत असतं ना! ती मुलगी पाचव्या अंकात आत बसते. पाठीमागे खरी भिंत असली की तिचा आवाज बदलतो. मागे दार आहे हे ठाऊक असेल तर ती मरेल का? ती प्रयोग संपायची वाट बघेल. जागेचा अर्थ दिसण्यात नसतो, मिलिमीटर. आतल्या माणसाला जे ठाऊक असतं त्यात असतो."

मिलिमीटरला हे पटलं. कटकट अशी, की वहीतला आकडाही पटत होता. महाराजांच्या अकरा खेपांतून पाच चुकलेल्या.

"दार करायचं नाही," बाई म्हणाल्या. "विषय संपला."

मामा थडग्याच्या मागे भाकरीचा डबा उघडून बसला होता.

"बाई नाही म्हणाल्या," ती म्हणाली.

"मग नाही."

"दाराला नाही म्हणाल्या. आपण मागची एक फळी सैल करू."

"दार आणि सैल फळी यात फरक काय?"

"दाराला बिजागरी असते."

मामाने घास चावत यावर विचार केला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "शिकलेल्या माणसाचं बरं असतं," तो म्हणाला आणि पेचकस शोधायला उठला. फळीचे आठ स्क्रू होते. त्याने सहा काढले.

साडेचारला तिसरी घंटा झाली. पहिला अंक उत्तम गेला. बागेत राजकन्या इतकी मोकळी वावरली की पुढे जागा लहान होत जाणार हे न सांगता कळावं. दुसऱ्या अंकात महाराज दोनदा निघाले, दोन्हीदा बरोबर. प्रत्येक वेळी मिलिमीटर विंगेतून हात हलवत होती आणि ते तिच्याकडे बघून जात होते. मामा म्हणाला, "जमतंय की."

तिसऱ्या अंकात महाराज तापले. असे तापले की तालमीत कधी तापले नव्हते. मिलिमीटरने दोन्ही हात हलवले, रुमाल हलवला, शेवटी एका पायावर उभी राहून उडीही मारली. महाराजांनी फूलही उमलू न देण्याची गर्जना केली, झगा मागे फेकला आणि राजाला शोभेल अशा चालीने तडक थडग्यात शिरून दार लावून घेतलं.

प्रेक्षकांनी थडग्याच्या बंद दाराकडे पाहिलं. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मिलिमीटर धावत थडग्याच्या मागे पोहोचली, तोवर मामाने उरलेले दोन स्क्रू कधी काढले ते त्यालाही कळलं नाही. फळी बाजूला झाली आणि आतून महाराजांचा चेहरा दिसला.

"ही बाग नाही," ते कुजबुजले.

"नाही, महाराज. या, लवकर या."

डोकं आलं, खांदे आले. उशी अडकली. मामाने हात धरले, मिलिमीटरने उशीची नाडी शोधली. एक मिनिट वीस सेकंद झाले होते, ती मनात मोजत होती. नाडी सुटली, झगा मागेच राहिला, फळीच्या कडेचं लाकूड कडकन मोडलं, आणि महाराज बाहेर आले ते बाटलीतून बूच यावं तसे. जिन्याच्या सोळा पायऱ्या त्यांनी आठ ढांगांत घेतल्या.

बुरुजावर राजा उभा राहिला. झगा नाही, पोट नाही, दाढीत लाकडाचा भुसा, छाती भात्यासारखी वरखाली. थडग्यात शिरलेला माणूस बुरुजातून वर आलेला पाहून आता चांगल्या पाच-सहा रांगा हसू लागल्या. मिलिमीटरला वाटलं, संपलं. प्रयोगशाळेतल्या साहेबांचा नंबर अजून फोनमध्ये होता.

खाली राजकन्या गुडघ्यांवर बसलेली होती. तिने दयेची भीक मागायची, असं ठरलेलं. तिने ती मागितली नाही. तिने थडग्याकडे पाहिलं, मग वर बापाकडे पाहिलं. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं,

"बाबा, आत जाऊन बघून आलात? मला जागा पुरेल ना?"

हसू जिथे होतं तिथेच थिजलं. तीनशे माणसं एकदम गप्प झाली की कानांना दडे बसल्यासारखं होतं, हे मिलिमीटरला त्या दिवशी कळलं. वर महाराजांच्या तोंडात, नशीब म्हणा, लिहिलेलंच वाक्य होतं. ते त्यांनी म्हटलं, पण गरजून नव्हे. पहिल्यांदाच हळू म्हटलं. "काय पुरेल आणि काय नाही, ते ठरवणारा मी."

मामा सुस्कारा टाकून फळी परत बसवायला गेला आणि हात कपाळावर मारून परतला. "कड मोडलीय. स्क्रू धरतच नाही. मागच्या दिव्याचा उजेड आत जाणार. आणि पाचव्या अंकाला मला दोरावर जावं लागतं, छत खाली सोडायला."

"तू जा," मिलिमीटर म्हणाली. "मी बघते."

बघायचं काय होतं? ठोकाठोकी करता येत नव्हती, आवाज झाला असता. दिवा विझवता येत नव्हता, सगळ्यांचा येण्याजाण्याचा रस्ता तो. तिने फळी जागेवर उभी केली, तिला पाठ लावली, टाचा जमिनीत रोवल्या आणि उभी राहिली.

पाचवा अंक सुरू झाला. पुढचं दार उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. आत राजकन्या बसली, टेकली, आणि फळी मिलिमीटरच्या पाठीत रुतली. मधे पाऊण इंच लाकूड. ती बोलू लागली तसा तिचा आवाज कानांना नंतर आणि मणक्यांना आधी ऐकू येऊ लागला. एका लांब विरामात आतून श्वासाइतक्या आवाजात प्रश्न आला.

"कोण आहे?"

"मी. मिलिमीटर."

"हलू नकोस."

ती हलली नाही. वर कुरकुरत मामाचं रंगवलेलं छत खाली येत होतं, चांदण्या हाताला लागतील इतक्या खाली. बावीस मिनिटांचा अंक. नवव्या मिनिटाला तिच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. सतराव्या मिनिटाला विंगेच्या तोंडाशी बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मोडलेली कड पाहिली, जमिनीवरची कापसाची उशी पाहिली आणि थडग्याला पाठ लावून घामाघूम झालेली ही मुलगी पाहिली. आत राजकन्येने शेवटचं वाक्य मधेच तोडलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तोडलं. मग पूर्ण केलं.

पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या, दोनदा संपल्यासारख्या वाटल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

"आता सोड," बाई म्हणाल्या.

"फळी पडेल."

"पडू दे."

ती बाजूला झाली, फळी धाडकन पडली आणि त्या भगदाडातून राजकन्या सरपटत बाहेर आली. हातात महाराजांचा झगा.

"दार करू नको म्हटलं होतं मी," बाई म्हणाल्या.

"बाई, ते दार नव्हतं, त्याला बिजागरी–"

"मामाने सांगितलं ते. तुमच्या घराण्यातच आहे वाटतं हे." बाई राजकन्येकडे वळल्या. "आणि तू? मागे फळी सुटी आहे हे कळलं होतं ना तुला? मग शेवटचं वाक्य दोनदा तुटलं ते कशाने? मी असलं कधी बसवलं नव्हतं."

राजकन्येने जमिनीवरच बैठक मारली आणि झग्याला तोंड पुसलं. "मागून हिचा श्वास ऐकू येत होता, बाई. तालमीत मी आत एकटीच असायचे. एकटीला मरणं सोपं जातं, पटकन उरकता येतं. पलीकडे कुणीतरी जिवंत उभं आहे, आपल्यासाठी उभं आहे, आणि तरी आपण जायचं म्हणजे..." तिने हात हलवला. "जड गेलं. फार जड गेलं."

बाईंनी वाकून त्या भगदाडातून आत पाहिलं. पलीकडे महाराज कुणालातरी समजावत होते की थडग्यात जाणं ही त्यांची मूळ कल्पना होती.

"मामा," बाईंनी हाक मारली, "उद्या सकाळी ही फळी पक्की करा. आठच्या आठ स्क्रू."

"करतो."

"पण पाचव्या अंकात मागे कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे. फळीला पाठ लावून. रोज."

"कोण राहील?" मामाने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका भाबडेपणा होता की तो नट नाही याचं वाईट वाटावं.

"मंडळीत जी राहणार आहे, ती," बाई म्हणाल्या आणि मिलिमीटरकडे न बघता पुढे गेल्या. दोन पावलांवर थांबल्या. "बसून घे आता. पाय थरथरताहेत तुझे."

मिलिमीटर खाली बसली. राजकन्येने सरकून तिला झग्यावर जागा करून दिली.